तुर्कस्तानचा फसलेला उठाव (१५ जुलै २०१६): मित्रदेशांतले लोक हळहळले ते नक्की कशासाठी?

पंचगंगा_घाट (प्रश्न)

मंडळी, एम.ए. राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी मी ‘मित्रराष्ट्रातला लष्करी उठाव आणि तिथलं-इथलं जनमत’ हा विषय घेतलाय. उदाहरण म्हणून तुर्कस्तान निवडला. सरकारी निवेदनं सहज मिळाली आणि ती सगळी एकाच छापाची आहेत. ओबामा म्हणाले, सगळ्यांनी लोकनियुक्त सरकारच्या मागे उभं राहावं. आपलं परराष्ट्र खातं म्हणालं, लोकशाहीचा आणि मतपेटीच्या कौलाचा मान राखा, रक्तपात टाळा.

पण त्या रात्रीच्या इंग्रजी बातम्यांखालच्या साध्या वाचकांच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या आणि मी थबकलो. मध्यरात्रीपर्यंत ‘बरं झालं, लष्कर आलं एकदाचं’ असा सूर. सकाळी उठाव फसल्यावर त्याच ठिकाणी ‘हे सगळं राष्ट्राध्यक्ष एर्दोआनचंच नाटक’. आपल्याकडच्या प्रतिक्रियाही फार वेगळ्या नाहीत.

तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे. अशा देशाच्या संसदेवर त्याच्याच हवाई दलाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, आणि मित्रदेशांतले इतके लोक हळहळले ते उठाव फसला म्हणून. हे मला पचत नाही. त्या काळात तिथं राहिलेलं कुणी इथं आहे का? बाहेरचे लोक काय बोलतायत हे तिथल्या माणसांपर्यंत पोचत होतं का?

देगलूरकर

मला यात फारसं नवल वाटत नाही. बाहेरच्या वाचकाच्या डोक्यात तुर्कस्तानचं एक जुनं चित्र आहे: आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क यानं धर्मनिरपेक्ष राज्य उभं केलं आणि लष्कर त्याचं राखणदार. १९६०, १९७१ आणि १९८० ला लष्करानं सरकारं पाडली, १९९७ ला सत्ता हाती न घेता नुसत्या दबावानं पंतप्रधान घालवला. एर्दोआननं २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी पार्कचं सरकारविरोधी आंदोलन ज्या तऱ्हेनं चिरडलं, पत्रकारांना ज्या तऱ्हेनं आत टाकलं, ते लोकांनी पाहिलं होतं. मग लष्कर उतरलं म्हटल्यावर ‘चला, सुटले’ असं एखाद्याला वाटलं तर त्याला लोकशाहीचा शत्रू म्हणता येणार नाही. तुमच्या निबंधात ही बाजू यायला हवी.

यंत्रमागवाली

पंचगंगा, मी तेव्हा इस्तंबूलला होते. आमच्या इचलकरंजी भागातलं सूत तिकडच्या विणकामवाल्यांना विकायचं काम. ऑफिस मेर्तेरला, म्हणजे युरोपच्या बाजूला. राहायला कादिकॉयला, म्हणजे आशियाच्या बाजूला. रोज मेट्रोबसनं, दोन्ही बाजूंमधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीवरचा तोच पूल ओलांडायचा, जो त्या रात्री सैनिकांनी अडवला. देगलूरकर, तुम्ही सांगता ते चित्र मलाही माहीत आहे. पण ते चित्र त्या रात्री खुद्द तिथल्या एर्दोआनविरोधकांच्याही मनात नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कादिकॉय ही एर्दोआनला मत न देणाऱ्यांची वस्ती. २०१३ मध्ये गेझीच्या वेळी याच भागातून हजारो माणसं पहाटे तो पूल पायी ओलांडून गेझी पार्कजवळच्या तक्सीम चौकात गेली होती. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून पातेली वाजवायची, दिवे उघडमीट करायचे, हे सगळं आमच्या गल्लीनं केलेलं. बाहेरच्या वाचकांच्या हिशेबानं १५ जुलैला याच गल्लीत पेढे वाटायला हवे होते.

त्या शुक्रवारी रात्री दहा-साडेदहाला पूल बंद झाल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं बॉम्बची धमकी असणार. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी अतातुर्क विमानतळावर हल्ला होऊन चाळीसहून जास्त माणसं मेली होती, त्यामुळे मन आधीच तिकडे जायचं. अकरा वाजून गेल्यावर पंतप्रधान बिनाली यिल्दिरिम टीव्हीवर येऊन बोलले की लष्करातल्या एका गटानं बंड केलंय. त्यानंतर गल्ली कशी झाली ते सांगते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाव संपला, मग पाण्याचे कॅन संपले, मग सिगारेटी. एटीएमसमोर रांग, आणि रांगेत कुणी कुणाशी बोलेना. बारचे शटर पटापट खाली आले. आनंदाचा आवाज मी तरी ऐकला नाही.

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई राहायच्या. तिकडे मावशीला तेय्झे म्हणतात, मीही तेच म्हणायचे. आयुष्यभर अतातुर्कच्या पक्षाला मत दिलेली बाई, भिंतीवर अतातुर्कचा फोटो, एर्दोआन टीव्हीवर आला की आवाज बंद करणारी. तिनं माझं दार वाजवलं आणि सांगितलं, आधी टबात पाणी भर, पातेली भर, मग माझ्याकडे येऊन बस. १९८० च्या सप्टेंबरात तिच्या धाकट्या भावाला विद्यापीठातून उचललं होतं. तो परत आला, पण पुन्हा कधी बंद दाराच्या खोलीत झोपला नाही, एवढंच ती सांगायची. त्या उठावानंतर तुर्कस्तानात सहा लाखांहून जास्त लोकांना पकडलं होतं आणि पन्नास जणांना फाशी दिली होती. बाहेरचे लोक ज्याला धर्मनिरपेक्षतेची राखण म्हणतात, त्याचा तिच्या घरातला अर्थ हा होता.

मध्यरात्र उलटल्यावर सरकारी टीआरटी वाहिनीवर निवेदिकेनं बंडवाल्यांचं निवेदन वाचून दाखवलं. तिच्यावर बंदुका रोखलेल्या होत्या हे नंतर कळलं, पण आवाज ऐकूनच काहीतरी गडबड आहे हे कळत होतं. ‘देशात शांतता’ असं काहीतरी त्या मंडळाचं नाव, अतातुर्कच्याच वाक्यातनं उचललेलं. तेय्झे फोटोकडे बघत म्हणाली, “दर वेळी याचंच नाव घेतात.” थोड्याच वेळानं सीएनएन तुर्कच्या हान्दे फिरातनं आपला मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या एवढ्याशा पडद्यावर एर्दोआन दिसले. लोकांनी चौकात आणि विमानतळावर यावं असं ते म्हणाले. मग मशिदींच्या भोंग्यांवरून सेला सुरू झाली. ही प्रार्थना एरवी कुणी गेल्यावर किंवा शुक्रवारी म्हणतात, त्या रात्री ती थांबेचना. तेय्झेनं उठून खिडकी लावून घेतली. तिला रणगाड्याची भीती होती आणि भोंग्याचीही होती, आणि दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी. तिच्यासारख्या लाखो लोकांची ही अवस्था मला बाहेरच्या एकाही प्रतिक्रियेत वाचायला मिळाली नाही.

नंतर विमानं इतकी खालून गेली की आवाजाच्या धक्क्यानं समोरच्या इमारतीच्या काचा फुटल्या. आमच्याकडे साडेतीन झाले असतील, इकडे सकाळचे सहा, आईचा फोन आला. “दार लावून आत हाईस न्हवं?” एवढंच दहा वेळा विचारत होती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. बाहेरचं बोलणं पोचत होतं का? सगळं पोचत होतं. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाचा मला रात्रीच मेसेज आला की अखेर तो माणूस जाणार, तुम्हा सगळ्यांना आता बरं वाटत असेल. सकाळी दुसरा मेसेज: अरेरे, थोडक्यात वाचला. आमच्याकडे तोवर अंकाऱ्यातल्या मृतांचे आकडे यायला लागले होते. एका अमेरिकन वाहिनीनं तर लष्करी सूत्राचा हवाला देऊन एर्दोआन जर्मनीत आश्रय मागतायत असं सांगून टाकलं होतं. ती बातमी तुर्कस्तानात कुणी विसरलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी तो मेसेज आमच्या हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याला दाखवला. तो अलेवी, म्हणजे तिथला अल्पसंख्य पंथ. गेझीत अश्रुधूर खाल्लेला, एर्दोआनचा कट्टर विरोधक. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, “आमच्याकडे बघताना यांना फक्त तोच दिसतो. आठ कोटी माणसं दिसतच नाहीत.” तुमच्या सेमिनारसाठी मला यापेक्षा नेमकं काही सांगता येणार नाही. मित्रदेशातल्या लोकांनी त्या रात्रीचा कौल एका माणसाबद्दलच्या नावडीवरून दिला. पुलावर कोण मेलं, संसदेत कोण बसलं होतं, हे त्यांनी विचारलंच नाही.

संसदेत कोण होतं ते ऐका. बॉम्ब पडत असताना सत्ताधारी आणि विरोधी, दोन्हीकडचे खासदार आत होते. दुसऱ्या दिवशी चारही पक्षांनी उठावाच्या विरोधात एकत्र निवेदन काढलं. त्यात कुर्दांचा एचडीपी पक्षही होता. त्यांच्या खासदारांचं खटल्यांपासूनचं संरक्षण दोन महिन्यांपूर्वीच काढून घेतलं होतं, त्यांच्यावर खटले उभे राहत होते. उठाव यशस्वी झाला तर आपलं भलं होईल असं वाटायला सगळ्यात जास्त कारण त्यांच्याकडे होतं. त्यांनीही सही केली.

आणि ‘नाटक’ म्हणणाऱ्यांबद्दल. उठाववाले सोडून अडीचशेच्या वर माणसं मेली, दोन हजारांवर जखमी झाली. अंकाऱ्याजवळ गोल्बाशीला पोलिसांच्या विशेष दलाच्या मुख्यालयावर बॉम्ब पडला, तिथंच चाळीसच्या वर पोलीस गेले. लष्करप्रमुख हुलुसी अकार यांना त्यांच्याच हाताखालच्या लोकांनी ओलीस धरलं होतं. पुलावर एर्दोआनचे प्रचारप्रमुख एरोल ओल्चोक आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, दोघेही गोळ्यांनी गेले. त्या रात्रीबद्दल प्रश्न आहेत, आणि ते तुर्कस्तानात जाहीरपणे विचारले गेले. गुप्तचर खात्याला दुपारीच खबर लागली होती, मग एवढा वेळ का गेला? विरोधी पक्षनेते किलिचदारोग्लू यांनी पुढे याला ‘नियंत्रित उठाव’ असा शब्दही वापरला. पण हे विचारणारे लोक त्या मेलेल्या माणसांच्या घरी जाऊन आलेले होते. सोफ्यावर बसून ‘नाटक’ म्हणणं वेगळं.

देगलूरकर, राखणदाराच्या चित्राबद्दल आणखी एक. सरकारनं आणि नंतर न्यायालयांनी ज्यांना सूत्रधार ठरवलं ते अतातुर्कचे अनुयायी नव्हते, ते फेतुल्ला गुलेन या धर्मगुरूचं जाळं होतं. गुलेन अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहायचे आणि आपला संबंध नाही असं २०२४ ला वारले तोवर सांगत राहिले. पण त्यांची माणसं पोलिसात, न्यायालयात, लष्करात पसरली होती हे एर्दोआनविरोधकही मान्य करायचे. कारण ती पसरली तेव्हा एर्दोआन आणि गुलेन एकत्र होते. म्हणजे बाहेरचे लोक धर्मनिरपेक्ष लष्कर समजून ज्याला टाळ्या देत होते, ते कदाचित एका धर्मगुरूचं लष्कर होतं.

अपशिंगेकर

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी फौजेत होतो. ते सकाळचं चित्रण मी तेव्हा पाहिलं होतं. पुलावर हात वर केलेली पोरं आणि त्यांना पट्ट्यानं मारणारे लोक. ती सक्तीच्या भरतीतली पोरं होती, वय वीस-बावीस. काही तर हवाई दलाच्या प्रबोधिनीतले कॅडेट, कुणाला सराव आहे सांगून आणलं, कुणाला अतिरेकी हल्ला झालाय सांगून. त्या गर्दीत काही जिवानिशी गेले. पुढे जन्मठेपाही झाल्या. अधिकाऱ्यानं खोटा हुकूम दिला तर शिपायानं काय करायचं, हा प्रश्न आमच्यासारख्याला झोपू देत नाही.

त्याच रात्री अंकाऱ्यात ओमेर हालिसदेमिर नावाच्या सार्जंटनं विशेष दलाचं मुख्यालय ताब्यात घ्यायला आलेल्या जनरल सेमिह तेर्झीला गोळी घातली. त्याच्या खऱ्या वरिष्ठानं फोनवरून तसा हुकूम दिला होता. सोबतच्या लोकांनी ओमेरला तिथंच मारलं. एकाच फौजेतले दोन हुकूम. बाहेरून ‘लष्कर आलं, बरं झालं’ म्हणणाऱ्यांनी कुठल्या लष्कराबद्दल ते बोलत होते हे आधी सांगावं.

ऱ्हाईनकाठ

कोलोनहून थोडं. इथं तुर्की वंशाची माणसं खूप, आमच्या इमारतीतच तीन कुटुंबं. ३१ जुलैला ऱ्हाईनच्या पलीकडच्या डॉइट्झ भागात एर्दोआन समर्थकांचा मोठा मेळावा झाला, पोलिसांच्या अंदाजानं चाळीस हजारांच्या आसपास. एर्दोआन व्हिडिओवरून बोलणार होते, ते जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं नाकारलं. त्या दिवशी माझ्या जर्मन सहकाऱ्यांचं सगळं बोलणं ‘हे लोक आपल्या देशात दुसऱ्याचे झेंडे का नाचवतायत’ यावर. उठावात मेलेल्यांबद्दल एकाचंही वाक्य नाही. आणि निर्वासितांना युरोपच्या वाटेवर अडवण्याचा करार मार्चमध्ये याच एर्दोआनशी केलेला, त्यामुळे आतून अवघडलेपण होतंच.

पण दुसरी बाजूही पाहिली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची मुलगी गुलेनच्या लोकांच्या शिकवणीला जायची. ऑगस्टपासून इमारतीतल्या बाकीच्या दोन कुटुंबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रमजान ईदला एकमेकांकडे बकलावा पाठवणारी माणसं. उठावाची झळ दोनेक हजार किलोमीटरवर आमच्या जिन्यात पोचली होती.

पंचगंगा_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, एक विचारतो, राग मानू नका. उठावानंतर लाखावर सरकारी नोकर बडतर्फ झाले, पत्रकार आत गेले, आणीबाणी दोन वर्षं चालली. ते प्रतिक्रिया लिहिणारे लोक आज म्हणतील, ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना? उठाव यशस्वी झाला असता तर हे टळलं असतं.’ त्यांना काय उत्तर द्यायचं?

यंत्रमागवाली

राग कशाचा, हाच तर खरा प्रश्न आहे.

त्या बडतर्फीच्या याद्या रात्री उशिरा सरकारी राजपत्रात यायच्या. नाव, हुद्दा, गाव, बस्स. कारण नाही, सुनावणी नाही. मघाशी ज्या सहकाऱ्याचं सांगितलं त्याची बायको सरकारी शाळेत शिक्षिका होती, शिक्षक संघटनेची सभासद. गुलेनच्या लोकांशी तिचं आयुष्यात कधी पटलं नव्हतं. एका रात्री तिचं नाव आलं. पासपोर्ट रद्द झाला, खाजगी शाळेतही कुणी घेईना. नवरा-बायको दोघंही उठावाच्या विरोधात होती, आणि दोघांनाही त्याचं हे फळ मिळालं. त्यामुळे धरपकड सौम्य होती असं मी कधीच म्हणणार नाही. एचडीपीचे नेते देमिर्ताश चार महिन्यांत तुरुंगात गेले, ज्यांच्या पक्षानं त्या निवेदनावर सही केली होती ते.

पण ‘उठाव झाला असता तर टळलं असतं’ हे तेय्झेसमोर म्हणून बघा. १९८० ला उठाव यशस्वीच झाला होता. त्यानंतर काय झालं ते तिच्या घरात बसलं होतं. बडतर्फी टाळायला रणगाडा हवा असं म्हणणारा माणूस तुर्कस्तानचा इतिहास वाचलेला नसतो, किंवा ज्यांना फाशी झाली त्यांची नावं त्याला माहीत नसतात.

उलट मला वाटतं, मित्रदेशांच्या त्या रात्रीच्या वागण्यानं नंतरच्या धरपकडीला मदतच झाली. हे माझं मत आहे, पण ऑफिसात रोज बघून झालेलं. युरोपातून कुणी बडतर्फ शिक्षकांबद्दल बोललं की साधा माणूससुद्धा म्हणायचा, संसदेवर बॉम्ब पडत होते तेव्हा कुठं होतात? आणि त्याला उत्तर नव्हतं. पुतिननी दोन दिवसांत फोन केला, ९ ऑगस्टला एर्दोआन सेंट पीटर्सबर्गला त्यांच्या भेटीला गेले. अमेरिकेचे उपाध्यक्ष बायडन अंकाऱ्यात आले २४ ऑगस्टला, आणि आणखी आधी यायला हवं होतं असं स्वतःच बोलले. त्याआधी जुलैच्या शेवटी अमेरिकेचे जनरल व्होटेल यांनी अमेरिकी लष्कराच्या ओळखीचे तुर्की अधिकारी तुरुंगात गेल्याची चिंता जाहीर केली होती. तुर्की वर्तमानपत्रांनी ते कसं छापलं असेल याची कल्पना करा. अमेरिकाच यामागे आहे असं मंत्री उघड म्हणायला लागले, आणि बाजारात, टॅक्सीत, न्हाव्याकडे तेच ऐकू यायचं. मला ते पटत नव्हतं, पण ते ऐकणाऱ्याला पटण्याजोगं वातावरण बाहेरच्यांनीच तयार करून दिलं. शिक्षिकेची बाजू घेणारा बाहेरचा आवाज अशा वातावरणात निरुपयोगी झाला. तिचं नुकसान दोन्हीकडून झालं.

ग्रीसचं उदाहरण निबंधात जरूर घ्या. आठ तुर्की सैनिक हेलिकॉप्टरनं अलेक्झांद्रुपोलीला पळाले. नाटोतलाच दुसरा देश. २०१७ च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत पाठवायला नकार दिला, न्याय मिळणार नाही म्हणून. ग्रीसनं स्वतः १९६७ ते १९७४ लष्करशाही भोगलेली आहे, त्यामुळे तिथल्या लोकांत यावरून दोन्ही बाजूंनी मनापासून वाद झाला असणार. तो मला नीट माहीत नाही, तुम्ही शोधा.

आणि भारताचंही एक कलम ठेवा. ऑगस्टमध्ये तुर्की परराष्ट्रमंत्री चावुशोग्लू दिल्लीला येऊन गुलेनच्या संस्थांवर कारवाई करा म्हणून सांगून गेले. आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास झाली नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २४ जुलैची तक्सीमची सभा. विरोधी पक्षानं घेतली होती, एर्दोआन समर्थकही आले होते. आमचा तो सहकारी बायकोला आणि पोराला घेऊन गेला होता, तेव्हा तिची नोकरी अजून शाबूत होती. त्यांच्या मागच्या माणसाच्या हातात पाटी होती, ‘ना उठाव, ना हुकूमशाही’. सभेत किलिचदारोग्लूंनी दहा कलमी जाहीरनामा वाचला. उठावाचा निषेध, आणि त्याच दमात कायद्याचं राज्य, स्वतंत्र न्यायालयं, छळ नको. बाहेरच्या वाचकांना त्या रात्री जी दोन वाक्यं एकत्र म्हणता आली नाहीत ती तिथं लाखभर लोक एकत्र म्हणत होते. तुम्ही सेमिनारमध्ये बाहेरच्या प्रतिक्रियांशेजारी हा जाहीरनामा ठेवा. तुर्कीत आहे, कलमं छोटी आहेत. मी मराठीत करून इथंच टाकते, दसऱ्याच्या ऑर्डरी संपू द्या एवढंच.

पंचगंगा_घाट

ताई, फार उपकार होतील. सेमिनार दिवाळीनंतर आहे, घाई नाही. अपशिंगेकर काका, कॅडेटांच्या खटल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी वेगळं प्रकरण करतोय.

देगलूरकर

ताई, जाहीरनामा मलाही वाचायचा आहे. १९९७ चं प्रकरण मी जरा सविस्तर वाचलंय, पंचगंगाला लागलं तर टिपणं पाठवतो. त्या वेळी बाहेरच्या देशांतली वर्तमानपत्रं काय म्हणत होती हे ताडून बघायला उपयोग होईल.